माथेरान : मोटारीविना शनिवार-रविवार, एका मुक्कामाचे परीक्षण

माथेरानला जाऊन आलेल्यांची मते दोन टोकांची असतात आणि गंमत म्हणजे दोन्ही खरी असतात. धूळ, लीद, माकडे आणि गर्दी यांच्यासाठी एवढी पायपीट कशाला करायची, असे विचारणारे लोक बहुधा सकाळी जाऊन संध्याकाळी परतलेले असतात; दस्तुरी नाक्यावर, म्हणजे मोटारी जिथे थांबतात तिथे, घोडा ठरवून त्यांनी पाच-सात पॉइंट पाहिलेले असतात, बाजारात जेवून चिक्की घेतलेली असते आणि उरलेला वेळ रांगेत घालवलेला असतो. याउलट, मुंबई-पुण्याच्या इतक्या जवळ असे दुसरे गाव नाही, असे सांगणारे रात्री तिथे राहिलेले आणि पायी फिरलेले असतात. डिसेंबरच्या सुरुवातीला आम्ही कॉलेजपासूनचे मित्र-मैत्रिणी, काही पुण्याचे आणि काही ठाणे-डोंबिवलीचे, शनिवार-रविवार गाठून तिथे राहून आलो, आणि त्यानंतर माझे मत ठामपणे दुसऱ्या बाजूला पडले आहे. तरीही पहिल्या बाजूच्या तक्रारी निराधार नाहीत, त्यामुळे त्यांचीही नोंद या परीक्षणात करणार आहे.

माथेरान हे रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातले, समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवरचे पठार आहे. ठाण्याचे तत्कालीन कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० च्या मे महिन्यात पायथ्याच्या चौक गावाच्या बाजूने हा डोंगर चढून आले, पुढे मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी येथे थंड हवेचे ठिकाण वसवायला चालना दिली आणि मुंबईतल्या इंग्रजांच्या मागोमाग पारशी, बोहरी व गुजराती कुटुंबांनी जंगलात बंगले बांधले. २०११ च्या जनगणनेत गावाची लोकसंख्या ४,३९३ होती. एवढ्याशा वस्तीला स्वतःची नगरपरिषद आहे. केंद्र शासनाने २००३ मध्ये माथेरान आणि भोवतालचा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला. गावात खासगी मोटार, मोटारसायकल, अगदी स्कूटरसुद्धा चालत नाही. रुग्णवाहिका आणि अग्निशमन गाडी यांना अपवाद आहे, आणि अलीकडे मर्यादित संख्येने ई-रिक्षा आल्या आहेत. माथेरानला जाणारा माणूस खरे तर या बंदीसाठीच पैसे मोजतो. हॉटेल, दृश्ये, हवा आणि चिक्की या सगळ्या गोष्टी महाराष्ट्रात इतरत्रही मिळतात.

जाण्याची वाट नेरळवरून आहे. मुंबईकडच्यांना कर्जत किंवा खोपोलीची लोकल थेट नेरळला सोडते. पुण्याकडून येणाऱ्यांनी कर्जतला उतरून मुंबईकडे जाणारी लोकल पकडावी आणि नेरळला यावे, हे सर्वांत सोपे. नेरळहून वर जायला छोटी आगगाडी (मिनी ट्रेन) आहे, घाटाने टॅक्सी आहे आणि ज्यांच्या पायांत बळ आहे त्यांना डोंगरातून चढायची वाटही आहे.

छोट्या गाडीबद्दल लोक इतक्या भाबडेपणाने लिहितात की तिचे परीक्षण करायला थोडा संकोच वाटतो, पण ती सेवा आहे आणि तिच्यासाठी तिकीट काढावे लागते, तेव्हा ते केलेच पाहिजे. सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशातून त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी ही लाइन बांधून घेतली; १९०७ मध्ये ती सुरू झाली आणि तिला सुमारे १६ लाख रुपये खर्च आला. रुळांमधले अंतर जेमतेम दोन फूट, एकूण लांबी सुमारे २१ किलोमीटर, आणि हे अंतर चढायला अडीच तासांहून अधिक वेळ लागतो. म्हणजे सरासरी वेग ताशी आठ किलोमीटर पडतो. जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज आणि माथेरान अशी स्थानके आहेत, वाटेत एकच बोगदा आहे आणि तोही इतका आखूड की आमच्या डब्यातल्या मुलांचे ओरडणे सुरू व्हायच्या आत तो संपला. मात्र गाडी ज्या पद्धतीने डोंगर चढते ती पाहण्यासारखी आहे. सह्याद्रीतल्या मोठ्या घाटात जिथे बोगद्यामागून बोगदे खणले गेले, तिथे या लाइनीच्या बांधणाऱ्यांनी डोंगराच्या प्रत्येक सोंडेला वळसा घालत रूळ नेले आहेत, आणि त्यामुळे आपण थोड्या वेळापूर्वी जिथून गेलो तोच रूळ खाली पुन्हा पुन्हा दिसत राहतो. ही वळणे इतकी तीव्र आहेत की खिडकीतून इंजिन आणि शेवटचा डबा एकाच वेळी नजरेत येतात.

पण या गाडीच्या भरवशावर सहलीचे वेळापत्रक आखू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. २००५ च्या २६ जुलैच्या पावसाने लाइन वाहून गेली आणि ती पुन्हा सुरू व्हायला २००७ उजाडले. २०१६ मध्ये डबे घसरल्यानंतर ती थांबवली गेली. २०१९ च्या पावसात पुन्हा मोठे नुकसान झाले आणि पूर्ण मार्गावर गाडी धावायला ऑक्टोबर २०२२ यावा लागला. दर वर्षी पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज हा टप्पा बंदच असतो. जागा थोड्या, फेऱ्या मोजक्या आणि तिकिटे गाडी सुटण्याआधी खिडकीवर मिळणार, अशी एकंदर व्यवस्था असल्यामुळे सुट्टीच्या दिवशी मोठ्या गटाला एकत्र जागा मिळणे नशिबावर असते. आम्ही आपसांत वाटणी केली होती: ज्यांना गाडीचे अप्रूप होते ते पहाटेच्या लोकलने येऊन रांगेत उभे राहिले, बाकीचे घाटातून टॅक्सीने वर गेले. गाडीने आलेले दोन-अडीच तास उशिरा पोहोचले आणि त्याबद्दल दिवसभर टोमणे ऐकत राहिले. ज्यांना एवढा वेळ द्यायचा नाही त्यांनी दस्तुरीपर्यंत टॅक्सी करावी आणि शेजारच्या अमन लॉज स्थानकातून गावापर्यंतची शटल पकडावी. जेमतेम तीन किलोमीटरचा तो प्रवास झाडीतून होतो, पावसाळ्यातही शटल चालू असते आणि गाडीत बसल्याचे समाधान मिळते.

आता दस्तुरी नाक्याविषयी. मोटारींची हद्द इथे संपते, नगरपरिषदेचा प्रवासी कर इथे भरायचा असतो, आणि पाहुण्याची परीक्षाही इथेच होते. टॅक्सीचे दार उघडण्याच्या आत घोडेवाले, हमाल, वाटाडे आणि हॉटेलचे दलाल भोवती जमतात. "दादा, गाव लय लांब हाय, चालून होणार नाय," असे आमच्यातल्या एकाला सांगण्यात आले. प्रत्यक्षात बाजार तिथून अडीच-तीन किलोमीटरवर आहे, रस्ता बहुतेक सपाट आहे आणि रमतगमत गेले तरी पाऊण तास पुरतो. शटल बंद आहे, आज पॉइंट पाहायला घोडाच करावा लागतो, अशी माहिती इतक्या आत्मविश्वासाने दिली जाते की नवखा माणूस ती खरी मानतो. हा त्रास फक्त पर्यटकांना जाणवतो असे नाही. मार्च २०२५ मध्ये पर्यटकांच्या या फसवणुकीविरुद्ध माथेरानच्याच व्यावसायिकांनी आणि रहिवाशांनी बंद पुकारला होता, दुकाने आणि हॉटेले बंद ठेवली होती, कारण वर येणारा माणूस नाक्यावर नागवला गेला की त्याचा राग साऱ्या गावावर निघतो. नाक्यावर दरपत्रक लावलेले असते. ते आधी वाचावे, त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा आणि मगच बोलणे सुरू करावे. बहुतेक वाद तेवढ्याने मिटतात.

हमालांबद्दल मात्र मला तक्रार करायची नाही. त्यांच्यात बायकाही आहेत, डोक्यावर दोन बॅगा घेऊन त्या आपल्यापेक्षा झपाझप चालतात आणि कोणते लॉज कुठे आहे हे कोणत्याही नकाशापेक्षा त्यांना जास्त चांगले ठाऊक असते. आमच्या बॅगा नेणाऱ्या मावशींनी वाटेत कोणत्या वळणावर माकडे पिशव्या ओढतात, खाऊचे पुडे कसे आत ठेवावेत आणि रविवारी खाली उतरायला किती वाजता निघावे हे सगळे सांगितले, आणि त्यातले एकही वाक्य वाया गेले नाही.

माणसांनी ओढायच्या हातरिक्षा हा माथेरानवरचा जुना डाग होता. अशा ९४ रिक्षांना परवाने होते. चढावर एक जण पुढून ओढतो, दोघे मागून रेटतात आणि आत बसलेला माणूस संकोचाने आखडून बसतो. या रिक्षा ओढणाऱ्यांच्याच संघटनेने ई-रिक्षांसाठी न्यायालयाचे दार ठोठावले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. डिसेंबर २०२२ मध्ये ई-रिक्षांचा प्रायोगिक प्रकल्प सुरू झाला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आणि त्या ओढणाऱ्यांचे पुनर्वसन करण्याचा आदेश दिला. मोटारबंदीचा कट्टर समर्थक असूनही मला हा निर्णय पूर्ण पटतो. आमच्यातल्या एका मैत्रिणीच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली आहे; ती ई-रिक्षाने बाजारापर्यंत आली आणि त्या रिक्षामुळे जंगलातल्या शांततेला कुठे तडा गेला असे मला तरी जाणवले नाही. ई-रिक्षांची संख्या वाढत जाऊन त्या प्रत्येक पॉइंटपर्यंत पोहोचल्या तर मात्र माझे मत बदलेल.

राहण्याची जागा निवडताना बाजारापासूनचे अंतर हा एकच निकष मी महत्त्वाचा मानतो. बाजारातल्या मुख्य रस्त्यावर राहिलात तर चहा, औषधे आणि जेवण हाताशी मिळते, पण शनिवारी रात्री उशिरापर्यंत पर्यटकांचा कल्लोळ ऐकू येतो. पर्यटन विकास महामंडळाचे निवासस्थान दस्तुरीजवळ आहे. उशिरा पोहोचणाऱ्यांना आणि सामान जास्त असणाऱ्यांना ते सोयीचे, पण तिथून बाजार आणि दक्षिणेकडचे पॉइंट लांब पडतात. आम्ही बाजारापासून दहा-पंधरा मिनिटे आत, शार्लोट तलावाच्या वाटेवर असलेल्या एका जुन्या बंगल्यात राहिलो. तिथे जांभ्या दगडाच्या भिंती, कौलारू छप्पर, उंच छताच्या खोल्या आणि पुढे लांबलचक व्हरांडा होता, आणि त्या व्हरांड्यातल्या आरामखुर्च्यांनी आमच्या सहलीचा निम्मा वेळ खाल्ला. पाणी ठरलेल्या वेळीच गरम येत होते, त्या वेळेनंतर उठणाऱ्यांना बादलीसाठी स्वयंपाकघरात जाऊन विनंती करावी लागत होती. गाद्या कडक होत्या. मोबाइलला नेटवर्क एका ठरावीक खांबाजवळच मिळत होते. खोली सोडण्याची वेळ इतकी सकाळची होती की रविवारी पहाटे फिरून आल्यावर अंघोळीला धावावे लागले, आणि सामान व्यवस्थापकाच्या खोलीत ठेवण्यासाठी थोडी मनधरणी करावी लागली. आरक्षण करताना ही वेळ विचारून घ्यावी, कारण माथेरानमध्ये ती बऱ्याच ठिकाणी शहरातल्या हॉटेलांपेक्षा लवकरची असते.

इथल्या पुष्कळ हॉटेलांत भाडे खोलीचे नसून माणशी असते आणि त्यात चहा, नाश्ता व दोन्ही जेवणे धरलेली असतात. ही पद्धत ऐकायला महाग वाटते, पण गावात वर येणारा प्रत्येक किलो तांदूळ आणि प्रत्येक गॅसची टाकी दस्तुरीनंतर घोड्याच्या पाठीवरून किंवा हातगाडीवरून आणावी लागते, हे लक्षात घेतले की हिशेब जुळतो. वर्षानुवर्षांच्या मुंबईकर गुजराती पाहुण्यांमुळे जेवणावर त्यांच्या चवीची छाप आहे. आमच्या बंगल्यात दुपारी गोडसर डाळ, ताकाची कढी, फुलके आणि दोन भाज्या होत्या. जेवण स्वच्छ आणि पोटभर होते, पण सलग दोनदा खाल्ल्यावर झणझणीत काहीतरी हवे असे सर्वांनाच वाटू लागले. शनिवारी रात्री आम्ही तिथले जेवण सोडून बाजारामागच्या गल्लीतल्या एका घरगुती खाणावळीत गेलो आणि तांदळाची भाकरी, लसणाच्या फोडणीचे पिठले, कांदा आणि ठेचा यांवर ताव मारला. मांसाहारी मंडळींनी कोंबडीचा रस्सा घेतला. रस्सा उत्तम, फोडी मात्र हाडांच्या. तिथे आधी सांगून ठेवावे लागते, कारण माणसे मोजून भाकरी थापल्या जातात.

आता फिरण्याकडे वळतो. माथेरानमध्ये तीसच्या वर पॉइंट आहेत आणि घोड्यावरून जाणाऱ्यांना ते 'बारा पॉइंट', 'सात पॉइंट' अशा हिशेबाने दाखवले जातात. माझ्या मते हा हिशेबच सहलीचा नाश करतो. पॉइंट म्हणजे पठाराची कड, आणि एका कडेवरून दिसणारी दरी दुसऱ्या कडेवरून दिसणाऱ्या दरीपेक्षा फार निराळी असते असे नाही. निराळे असते ते दोन पॉइंटांमधले रान. जांभ्याच्या लाल मातीची वाट, तिच्यावर दोन्ही बाजूंनी ओणवलेली जांभूळ, हिरडा आणि अंजनीची झाडे, त्यांच्या मुळांनी रस्त्यात बांधलेल्या आपोआप पायऱ्या, आणि भर दुपारीही जमिनीपर्यंत न पोहोचणारे ऊन या सगळ्यांतून चालताना मोटारीचा आवाज कुठूनही येत नाही. आपण शहरात बोलताना किती मोठ्याने बोलतो हे इथे तासाभरात कळते, कारण सगळ्यांचे आवाज आपोआप उतरलेले असतात. वीस-पंचवीस वर्षांच्या मैत्रीत जे विषय फोनवर आणि लग्नकार्यांत निघाले नव्हते ते त्या वाटांवर निघाले. रस्ता ओलांडायचा नसतो, मागून हॉर्न येत नाही, पार्किंगमध्ये कोणाला जाऊन थांबायचे नसते, त्यामुळे बोलणे मध्येच तुटत नाही. मित्रांच्या गटाला माथेरान मानवते याचे खरे कारण हे असावे.

शनिवारी दुपारी आम्ही शार्लोट तलावाकडे गेलो. गावाला पिण्याचे पाणी पुरवणारा हा तलाव असल्याने त्यात उतरायला मनाई आहे, आणि ती पाळली जावी अशीच आहे. तलावाच्या काठी गावाचे ग्रामदैवत असलेले पिसरनाथाचे देऊळ आहे. दाट झाडीतल्या त्या सावलीत पॉइंटवरच्या आरडाओरड्यापासून सुटका मिळते. तिथून एको पॉइंट जवळच आहे. प्रतिध्वनी ऐकण्यासाठी लोक तिथे जे काही ओरडतात ते ऐकून डोंगराची कीव येते. आम्ही तिथून लगेच पुढे सरकलो आणि लुईसा पॉइंटवर बराच वेळ बसलो. समोर प्रबळगडाचे रुंद पठार, त्याच्या शेजारी कलावंतीणचा सुळका, आणि मधली खोल दरी असे ते दृश्य आहे. सूर्यास्तासाठी पॉर्क्युपाइन पॉइंटवर मोठी गर्दी होते. सूर्य प्रबळच्या मागे उतरतो हे खरे, पण त्या गर्दीत कणसाच्या गाड्या, सेल्फीच्या काठ्या आणि परतणाऱ्या घोड्यांची घाई यांनाच जास्त वेळ द्यावा लागतो. थोडे आधी पोहोचून, कठड्यापासून दूर एखाद्या खडकावर बसता आले तर जावे, नाहीतर लुईसावरूनच सूर्यास्त पाहून अंधार पडायच्या आत बाजार गाठावा. हातात विजेरी असलीच पाहिजे. आतल्या वाटांवर दिवे नसतात आणि मोबाइलचा उजेड त्या झाडीत फार तोकडा पडतो.

रविवारी पहाटे आमच्यात फूट पडली. काहींनी व्हरांडा सोडायला नकार दिला, उरलेले पॅनोरमा पॉइंटकडे निघाले. हा पॉइंट उत्तरेच्या टोकाला आहे, बाजारापासून चार-पाच किलोमीटर चालावे लागते आणि त्यामुळेच सकाळी तिथे गर्दी नसते. वाटेचा शेवटचा भाग कड्याच्या कुशीतून जातो. टोकाला उभे राहिले की समोर पेब, म्हणजे विकटगड, त्याच रांगेत पुढे नाखिंड, चंदेरी आणि म्हैसमाळ, आणि उजव्या हाताला खाली उल्हास नदीच्या खोऱ्यात धुक्याचा थर आणि त्यातून वर आलेले नेरळ दिसते. सूर्य भीमाशंकरच्या बाजूच्या रांगेमागून वर येतो. मला स्वतःला माथेरानमधली हीच जागा सर्वांत जास्त आवडते, आणि एकाच पॉइंटला जायचे असेल तर कुठे जावे असे कोणी विचारले तर मी विचार न करता हेच नाव घेईन. गार्बेट पॉइंटची शिफारस पुष्कळ जण करतात. ती मोकळी, गवताळ सोंड पावसाळ्यानंतर फार सुंदर दिसते, पण तिकडची वाट उघड्या उन्हातून जाते आणि लांब आहे, म्हणून ज्यांना डोंगर चालण्याची सवय आहे त्यांनीच त्या भानगडीत पडावे. दक्षिण टोकाचा वन ट्री हिलही मला आवडतो. तिथून खाली चौकचा परिसर, मोरबे धरणाचे पाणी आणि इरशाळगड दिसतो. त्याच गडाच्या पायथ्याची इर्शाळवाडी जुलै २०२३ मध्ये दरडीखाली गाडली गेली, आणि ते ठाऊक असणाऱ्याला तिकडे पाहून चटकन फोटो काढावासा वाटत नाही.

गावात फिरताना हुतात्मा भाई कोटवाल यांचे नाव भेटते आणि पर्यटकांचा लोंढा त्याच्या पुढून न थांबता जातो, ही गोष्ट मला खटकली. विठ्ठल लक्ष्मण कोटवाल यांचा जन्म १९१२ मध्ये माथेरानमध्येच, नाभिक कुटुंबात झाला; ते वकील झाले, नगरपालिकेत निवडून आले, १९४२ च्या लढ्यात त्यांनी 'आझाद दस्ता' उभारून विजेचे मनोरे पाडले आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या जंगलात हिराजी पाटील यांच्यासह त्यांना वीरमरण आले. माथेरानचे कितीतरी पॉइंट इंग्रजांच्या बायकामुलींच्या आणि अधिकाऱ्यांच्या नावांनी ओळखले जातात. वाटाड्याने निदान एका थांब्यावर गावच्या या माणसाची हकीकत सांगायला हरकत नसावी. आमच्या मागून आलेल्या एका शाळेच्या सहलीच्या बाईंनी ती मुलांना सांगितली, आणि बारा पॉइंटांच्या फेरीपेक्षा ती सहल जास्त चांगली चालली आहे असे मला वाटले.

घोड्यांचा प्रश्न अवघड आहे. साडेचारशेच्या आसपास घोडे इथे परवान्यावर चालतात आणि अनेक घरांची चूल त्यांच्यावर पेटते, त्यामुळे घोडे नकोत असे मुंबई-पुण्यातून आलेल्या माणसाने सहज म्हणून जाणे बरे दिसत नाही. पण लीद आणि तिची धूळ यांचा त्रास खरा आहे. दम्याचा विकार असणाऱ्यांनी औषध आणि मुखपट्टी जवळ ठेवावी. धुळीवर उपाय म्हणून मुख्य रस्त्यावर पेव्हर ब्लॉक बसवले गेले. त्यांनी धूळ कमी केली आणि घोड्यांचे पाय घसरायला लावले, असा वाद झाला आणि तोही न्यायालयात गेला. मला स्वतःला लाल मातीचा रस्ता पायाला बरा वाटतो. घोडा करायचाच असेल तर धावता घोडा घेऊ नये, लहान मुलाला एकटे बसवू नये आणि लगाम घोडेवाल्याच्या हातात राहील असे आधीच ठरवावे.

बाजाराला वेळ थोडा द्यावा. चिक्कीची दुकाने रांगेने आहेत आणि प्रत्येक जण स्वतःची चिक्की गावातली मूळ चिक्की असल्याचे सांगतो. चव घेऊन घ्यावी, शेंगदाण्याची गुळाची साधी चिक्की बाकीच्या रंगीत प्रकारांपेक्षा सरस लागते. चामड्याच्या चपला आणि बूट इथे बऱ्यापैकी मिळतात, भाव करावा लागतो. मध, जाम आणि वेताच्या टोपल्या यांबद्दल माझे विशेष मत नाही. मे महिन्यात आसपासच्या ठाकूरवाड्यांमधल्या बायका करवंदे आणि जांभळे पानांच्या द्रोणात विकायला बसतात. त्या वेळी गेलात तर चिक्कीऐवजी ती घ्या.

कोणत्या ऋतूत जावे, याचे माझे उत्तर ठरलेले आहे. ऑक्टोबरच्या शेवटापासून फेब्रुवारीपर्यंत हवा चालण्याजोगी असते, रात्री शाल लागते. मेमध्ये सावली असली तरी दुपारी उकाडा असतो आणि गर्दी प्रचंड असते. पावसाळ्यात वर्षाला सुमारे ५,००० मिलिमीटर पाऊस पडतो. धुक्यात पॉइंटवरून काहीही दिसत नाही, वाटा निसरड्या होतात, जळवा लागतात, आणि तरीही ज्यांना फक्त व्हरांड्यात बसून पाऊस ऐकायचा आहे त्यांच्यासाठी तो काळ योग्य आहे. ख्रिसमस ते नववर्ष आणि दिवाळीची सुट्टी मात्र टाळावी. नोकरीतून रजा मिळत असेल तर मंगळवार-बुधवार निवडावा: खोल्यांचे भाव उतरलेले असतात, दस्तुरीवर आपल्याभोवती जमणारे लोकही कमी असतात आणि छोट्या गाडीत खिडकीजवळची जागा मिळण्याची शक्यता वाढते.

वृद्ध आई-वडिलांना नेणार असाल तर आधी निवासापर्यंतचे चालणे किती, याची चौकशी करा; ई-रिक्षा बाजारापर्यंत सोडते, पुढचे अंतर पायीच असते. गावात दवाखाना आहे, पण गंभीर आजारात खाली न्यावे लागते. रोकड जवळ ठेवावी. पांढरे बूट घरी ठेवावेत, कारण इथली लाल माती कापडात शिरली की दोन-तीन धुण्यांत निघत नाही. आणि रविवारी परतताना जेवण लवकर उरकून दुपारी दोनच्या आत दस्तुरी गाठावी. चारनंतर टॅक्सीची रांग वाढत जाते, घाटात गाड्या अडकतात आणि नेरळला कर्जतकडून येणारी लोकल आधीच भरलेली असते. आमच्या मावशींनी सांगितलेली वेळ हीच होती, आणि ती पाळल्यामुळे ठाण्याकडच्यांना बसायला जागा मिळाली आणि पुणेकरांची कर्जतहून सुटणारी गाडी चुकली नाही.